शेअर निवडले, पण कोणाला किती वेटेज? बडोद्याच्या नेहमीच्या कंपन्या घेऊन चर्चा

सूरसागर | शनिवार, सकाळी ९:१०

कोणता शेअर घ्यावा यावर इथे धाग्यांना तोटा नाही. घेतलेल्या शेअरला एकूण रकमेतला किती वाटा द्यायचा, हे मात्र कोणी सविस्तर मांडलेले नाही. चांगल्या निवडीचे मातेरे होते ते बहुतेक वेळा इथेच, म्हणून हा धागा.

हवेत बोलणे नको म्हणून रु. १० लाखांचा नमुना देतो. बडोद्यातल्या मराठी घरांत ज्या कंपन्या हमखास सापडतात त्याच घेतल्या आहेत:

रिलायन्स २० टक्के (आयपीसीएल या रिलायन्समध्ये विलीन झालेल्या पेट्रोकेमिकल कंपनीच्या जुन्या शेअरचे झालेले), बँक ऑफ बडोदा १२, सन फार्मा १०, अलेम्बिक फार्मास्युटिकल्स १०, अलेम्बिक लि. ६, जीएसएफसी (खते, रसायने) ८, गुजरात अल्कलीज (कॉस्टिक सोडा) ८, जीआयपीसीएल (वीजनिर्मिती) ६, अपार इंडस्ट्रीज ८, व्होल्टॅम्प ट्रान्सफॉर्मर्स ६, आणि एक मोठी आयटी कंपनी ६.

गृहीत असे की सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा आहे, आरोग्य विमा आहे, आणि ही रक्कम किमान सात वर्षे लागणार नाही. या यादीत वेटेजचे काय चुकले आहे, ते कोणत्या हिशोबाने दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त करताना कर किती जाईल? "हा घ्या, तो विका" अशा शिफारशी नकोत, पद्धत हवी.

ताळेबंद | शनिवार, सकाळी १०:३५

नावे अकरा आहेत, जोखमी अकरा नाहीत. टक्केवारीला हात लावण्याआधी एकमेकींत गुंतलेल्या कंपन्या शोधा.

अलेम्बिक लि.कडे अलेम्बिक फार्मास्युटिकल्सचा चौथ्या हिश्शाहून अधिक वाटा आहे. औषधांचा धंदा तिच्यातूनच वेगळा काढला गेला. मागे राहिले त्यात बडोद्यातल्या जमिनी आणि बांधकाम ही मोठी बाब. म्हणजे दोन्ही घेणाऱ्याने फार्मास्युटिकल्स दोनदा घेतली, त्यातली एकदा होल्डिंग कंपनीला (जिच्याकडे दुसऱ्या कंपनीचे शेअर असतात तिला) बाजार जी सूट लावतो त्या भावात. ती सूट कमी होईल या आशेवर होल्डिंग कंपनी घेतली जाते, पण सूट वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

जीआयपीसीएलच्या प्रवर्तकांत राज्याच्या वीज कंपनीबरोबर जीएसएफसी आणि गुजरात अल्कलीज दोन्ही आहेत. वर तिघींचे धोरण गांधीनगरहून ठरते. एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने आपल्या कंपन्यांसाठी किमान लाभांशाचा नियम केला (निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नेटवर्थच्या, म्हणजे भागधारकांच्या एकूण भांडवलाच्या, ५ टक्के, जे जास्त असेल ते), तेव्हा राज्याचे बहुतेक सगळे शेअर एकदम उसळले. जे एकत्र वर जातात ते एकत्र खालीही येतात.

अपार कंडक्टर, केबल आणि ट्रान्सफॉर्मर ऑइल करते, व्होल्टॅम्प ट्रान्सफॉर्मर करते. दोघींचा गिऱ्हाईक शेवटी एकच: वीजजाळ्यावर आणि कारखान्यांवर होणारा भांडवली खर्च.

आता मोजमाप. प्रत्येक वेटेज दशांशात लिहा, वर्ग करा, बेरीज घ्या आणि १ ला त्या बेरजेने भागा. येतो तो शेअरचा प्रभावी आकडा. सूरसागरभाऊंच्या यादीत वर्गांची बेरीज ०.१०८ येते, म्हणून प्रभावी आकडा ९.३. ठीक वाटते. पण गट करून तोच हिशोब मांडा: औषधे २६, राज्य सरकारच्या कंपन्या २२, रिलायन्स २०, वीज-उपकरणे १४, बँक १२, आयटी ६. बेरीज ०.१९३६, प्रभावी आकडा ५.२. अकरा कंपन्यांचे तिमाही निकाल वाचायचे आणि जोखीम पाचच ठिकाणी वाटलेली, असा हा व्यवहार आहे.

रेवा | शनिवार, दुपारी १२:०५

ताळेबंदकाकांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देते. समजा प्रत्येक शेअरची वार्षिक चढउतार (प्रमाण विचलन) ३५ टक्के आहे आणि कोणत्याही दोन शेअरमधला सहसंबंध (दोघे किती एकत्र हलतात त्याचे माप, १ म्हणजे पूर्ण एकत्र) सरासरी ०.३ आहे. समान वेटेज दिले तर पूर्ण पोर्टफोलिओची चढउतार अशी येते:

१ शेअर: ३५.० टक्के
५ शेअर: २३.२
१० शेअर: २१.३
२० शेअर: २०.३
३० शेअर: १९.९

सूत्र साधे आहे: एका शेअरच्या विचलनाचा वर्ग × (सहसंबंध + (१ − सहसंबंध) ÷ शेअरची संख्या), आणि आलेल्या उत्तराचे वर्गमूळ. अनंत शेअर घेतले तरी १९.२ च्या खाली जात नाही. दहाच्या पुढे प्रत्येक नव्या नावाचा फायदा अगदी थोडा.

आता सहसंबंध ०.७ धरा, म्हणजे दहाच्या दहा शेअर एकाच क्षेत्रातले. दहा शेअर असूनही चढउतार २९.९ टक्के. वेगवेगळ्या धंद्यातले दोन शेअर घेतले तर २८.२. एका क्षेत्रातले दहा म्हणजे दोन वेगळ्या शेअरहूनही कच्चे. म्हणून "किती शेअर" हा प्रश्न नंतर, "किती वेगळे" हा आधी.

वेटेज ठरवायला मी नुकसानीचे बजेट ही पद्धत सुचवेन. एक शेअर पूर्ण फसला तर एकूण रकमेतले किती गेलेले चालेल, हे आधी ठरवा. ३ टक्के म्हणू, म्हणजे रु. ३०,०००. मग त्या प्रकारचा शेअर वाईट काळात किती पडू शकतो ते धरा आणि बजेटला त्याने भागा:

मोठी, कमी कर्जाची, नियमित रोख आणणारी कंपनी: पडझड ५० टक्के, कमाल वेटेज ६ टक्के.
मध्यम किंवा चक्रीय, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्यांत चालणारा धंदा (रसायने, खते, धातू): पडझड ६५ टक्के, वेटेज ४.६.
लहान, कमी उलाढालीची: पडझड ८० टक्के, वेटेज ३.७५.

हे आकडे ढोबळ आहेत आणि ढोबळच असावेत. खात्री करायची तर त्या शेअरचा २००८ आणि मार्च २०२० मधला तळ काढा, आधीच्या शिखरापासून टक्केवारी मोजा आणि जी जास्त येईल ती धरा. त्या काळात कंपनी बाजारात नव्हती तर त्याच धंद्यातली जुनी कंपनी घ्या.

या मापाने रिलायन्स २० म्हणजे बजेटच्या तिप्पट. निम्मा पडला तर एकट्याने १० टक्के.

मकरपुरा४२ | शनिवार, दुपारी २:२०

रेवाताईंचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्षाशी अर्धाच सहमत. ६, ४.६ आणि ३.७५ च्या मर्यादा पाळल्या तर १०० टक्के भरायला १८ ते २२ शेअर लागतील. एका कंपनीचा तिमाही निकाल, त्याची टिपणे, गुंतवणूकदारांबरोबरच्या कॉलचे शब्दांकन आणि शेअरधारणेचा तक्ता नीट वाचायला तीन तास धरले तरी २० कंपन्यांना दर तिमाहीला ६० तास. नोकरी करणाऱ्या माणसाकडून ते होत नाही आणि वाचल्याशिवाय ठेवलेला शेअर म्हणजे फक्त भाव पाहत बसणे.

माझा प्रस्ताव: निम्मी रक्कम निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा फंड), उरलेल्यात आठ-नऊच कंपन्या, पण पूर्ण वाचलेल्या.

दुसरी गोष्ट चक्रीय शेअरची. इथे वेटेज केव्हा द्यायचे हेही मोजावे लागते. कॉस्टिक सोड्याचे पाहा. मेम्ब्रेन पद्धतीत एक टन सोड्याला साधारण २,२०० ते २,५०० युनिट वीज जाते, म्हणून विजेचा दर हाच खरा खर्च. टनामागे जवळपास ०.८८ टन क्लोरीन निघतो आणि तो साठवून ठेवता येत नाही. मागणी नसेल तर क्लोरीन उचलण्यासाठी गिऱ्हाइकालाच पैसे द्यावे लागतात. म्हणून सोडा आणि क्लोरीन यांचे मिळून काय मिळते ते पाहतात, त्याला धंद्यात ईसीयू म्हणतात. २०२२ मध्ये भाव चढे होते. गुजरात अल्कलीजला २०२२-२३ मध्ये चांगला नफा झाला आणि २०२३-२४ मध्ये तोटा. शिखराच्या वर्षी असा शेअर पी-ईवर (भाव भागिले प्रति शेअर नफा) स्वस्त दिसतो आणि लोक तेव्हाच वेटेज वाढवतात. चक्रीय कंपनीला सात ते दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर पी-ई लावा. त्यावरही स्वस्त असेल तरच ४.६ पर्यंत जा.

खतांत नफ्यापेक्षा येणे पाहा. अनुदान केंद्राकडून यायचे असते, ते थकले की कंपनी कमी मुदतीचे कर्ज काढते आणि व्याज नफा खाते. ताळेबंदात अनुदानाची येणी किती दिवसांच्या विक्रीइतकी आहेत ते दर वर्षी मांडा. जीएसएफसीच्या बाबतीत खतांशिवाय कॅप्रोलॅक्टम (नायलॉनचा कच्चा माल) आणि तो ज्यापासून होतो ते बेंझिन यांच्या भावातला फरकही बघावा लागतो, औद्योगिक उत्पादनांचा नफा त्यावर हलतो.

ताळेबंद | शनिवार, सायंकाळी ५:४५

मकरपुराभाऊंचा इंडेक्सचा प्रस्ताव मान्य. फक्त इंडेक्सच्या आत काय आहे ते विसरू नका. निफ्टी ५० मध्ये बँका आणि वित्तकंपन्या मिळून तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतात, रिलायन्स साधारण आठ टक्के. सन फार्माही आहे. थेट घेतलेले आणि इंडेक्समधून आलेले मिळून वेटेज धरायचे.

वाचायचे काय, त्याचा माझा क्रम असा. पहिल्यांदा गेल्या दहा वर्षांचा निव्वळ नफा एका बेरजेत आणि कामकाजातून आलेली रोख दुसऱ्या बेरजेत. रोख नफ्याच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर पैसा कुठे अडकला ते येणी आणि साठ्यात शोधा. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, एखादे वर्ष कोणाचेही वाकडे जाते. दुसरे, भांडवलावरचा परतावा कर्जाच्या व्याजदराहून किती वर आहे. तिसरे, संबंधित पक्षांबरोबरचे व्यवहार आणि संभाव्य देणी या दोन टिपा. चौथे, प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर. शेअरधारणेचा तक्ता तिमाही संपल्यावर २१ दिवसांत एक्स्चेंजवर येतो, गहाणाचा रकाना त्यातच असतो. पाचवे, आणि हे बहुतेक जण बघतच नाहीत, पतमानांकन संस्थेचे टिपण. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या संकेतस्थळांवर ते फुकट मिळते. कंपनीने बँकेची किती कर्जमर्यादा वापरली आहे, पुढल्या वर्षी किती कर्ज फेडायचे आहे, हे तिथे सरळ लिहिलेले असते. लेखापरीक्षकाने मुदत संपायच्या आत राजीनामा दिला असेल तर पुढचे काही वाचायची गरज नाही.

बँकेला हे माप चालत नाही. बँकेची मालमत्ता भांडवलाच्या १२ पट धरली तर त्या मालमत्तेतले ४ टक्के बुडाल्यावर भांडवलाचा जवळपास निम्मा भाग जातो. म्हणून एकूण आणि निव्वळ एनपीए (थकलेली कर्जे), त्यांच्यासाठी केलेल्या तरतुदीचे प्रमाण, चालू-बचत ठेवींचा वाटा, मालमत्तेवरचा परतावा आणि पुस्तकी मूल्याच्या किती पट भाव, एवढे पाहा. सरकारी बँकेत नवे शेअर काढून किंवा विलीनीकरणातून हिस्सा पातळ होतो, तेही धरा. १ एप्रिल २०१९ ला विजया आणि देना बँक ऑफ बडोदामध्ये आल्या, तेव्हा दर १,००० शेअरमागे विजयाच्या धारकांना ४०२ आणि देनाच्या धारकांना ११० शेअर मिळाले. बँक कितीही आपली वाटो, सयाजीरावांनी १९०८ मध्ये स्थापली म्हणून तिला १२ टक्के देता येत नाहीत. ६ पुरे.

आणि कमाल मर्यादा का हवी हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचा शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त पडला. ती निफ्टीतली कंपनी होती. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत १०० किंवा अधिक शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षे गोठवले गेले. डीएचएफएलच्या भागधारकांना २०२१ मध्ये काहीच मिळाले नाही, शेअर यादीतून गेला. या तिन्हींत स्टॉप-लॉसचा (ठरलेल्या भावाला आपोआप विकण्याच्या ऑर्डरचा) उपयोग झाला नसता. पहिल्यात भाव मधल्या पायऱ्या न घेता कोसळला, दुसऱ्यात विकायची मुभाच नव्हती, आणि तिसऱ्यात शेवटपर्यंत काहीतरी हाती लागेल असे लोकांना वाटत राहिले. अशा वेळी पोर्टफोलिओ वाचतो तो आधी ठरवलेल्या वेटेजनेच.

म्युच्युअल फंडांनाही एका कंपनीत दहा टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही (सेक्टर फंड आणि इंडेक्स फंड सोडून). ज्यांच्याकडे विश्लेषकांची फौज आहे त्यांनाही सेबीने कुंपण घातले, तर आपण २० टक्के कशाच्या बळावर ठेवायचे?

पाणीगेट | शनिवार, रात्री ९:१५

दोन प्रश्न. पगारच रिफायनरी किंवा खतकारखान्यातून येत असेल तर त्याचे वेटेज कसे धरायचे? आणि पडलेल्या शेअरमध्ये सरासरी करणे या बजेटमध्ये बसते का?

रेवा | रविवार, सकाळी ८:३०

पगाराचे उत्तर छोटे आहे: नोकरी ज्या धंद्यात, त्या धंद्याला थेट शेअरमध्ये शून्य किंवा नाममात्र. मंदीत वेतनवाढ, बोनस, ओव्हरटाइम आणि शेअर सगळे एकाच वेळी आटतात. कंपनीने ईसॉप (कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअर) दिले असतील तर विकता येतील त्या दिवसापासून ते पोर्टफोलिओत मोजा. कोयली, रणोली, फर्टिलायझरनगर या पट्ट्यात घर असेल तर घराची किंमतही बऱ्याच अंशी त्याच उद्योगांवर उभी असते, तेव्हा स्थानिक रसायन कंपन्यांना अजून हात आखडता.

सरासरीचे जरा नीट बघायला हवे. समजा ४ टक्के वेटेजने घेतला, भाव निम्मा झाला. बाजारभावाने वेटेज आता साधारण २. परत ४ करायला अजून २ टक्के घातले. वेटेज ४ दिसते, पण खिशातून ६ गेले आहेत. अजून निम्मा झाला, परत भरले, की ८. बाजारभावाच्या वेटेजवर नजर ठेवून सरासरी करणारा प्रत्येक पायरीला मर्यादेत असतो आणि बजेट मात्र कधीच ओलांडून गेलेला असतो.

म्हणून दोन रकाने ठेवा, बाजारभावाचे वेटेज आणि खरेदीखर्चाचे वेटेज. कमाल मर्यादा दोन्हींना लावायची. पहिली खरेदी मर्यादेच्या अर्ध्यानेच करा, तर एकदा भर घालायला जागा राहते. ती भरसुद्धा भाव पडला म्हणून नको. पुढच्या दोन तिमाहींत काय दिसायला हवे ते खरेदीच्या दिवशी लिहून ठेवा (उदाहरणार्थ येणी ९० दिवसांच्या आत, कर्ज वाढलेले नाही), आणि ते दिसले तरच दुसरी खरेदी.

औषध कंपन्यांना हे विशेष लागू. अमेरिकी एफडीएच्या (तिथल्या औषध नियामकाच्या) तपासणीनंतर फॉर्म ४८३ आला की शेअर पडतो आणि लोक सरासरी करायला धावतात. ४८३ ही निरीक्षणांची यादी आहे, कंपनीला उत्तराला १५ कामाचे दिवस मिळतात. खरा निर्णय पुढे वर्गीकरणात होतो. कारवाई नको किंवा स्वेच्छेने सुधारणा असा शेरा आला तर काम पुढे चालते, अधिकृत कारवाईचा आला तर त्या कारखान्यातून नव्या औषधांच्या मंजुऱ्या अडकू शकतात. वर्गीकरण येईपर्यंत थांबलेले बरे. आणि त्या कारखान्यातून अमेरिकेच्या विक्रीतला किती वाटा जातो, हे कॉलच्या शब्दांकनात शोधा.

कारेलीबाग | रविवार, सकाळी ११:००

करावर कोणी आले नाही अजून. रिलायन्सचा गठ्ठा कमी करायचे लोक टाळतात ते करापोटी, आणि बऱ्याचदा कर लागतच नाही.

२३ जुलै २०२४ पासून नियम असा: १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर वर्षाला रु. १.२५ लाखांपर्यंत कर नाही, त्याच्या वरच्या रकमेवर १२.५ टक्के. त्याआत विकले तर २० टक्के. वर ४ टक्के उपकर.

नमुन्यात रिलायन्स रु. २ लाखांचे आहे. २० वरून ८ वर आणायचे म्हणजे रु. १.२ लाखांचे विकायचे. खरेदीकिंमत शून्य धरली तरी नफा १.२ लाखांहून जास्त होत नाही. वर्षात दुसरा दीर्घ मुदतीचा नफा नसेल तर कर शून्य. एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) ०.१ टक्का म्हणजे रु. १२०, आणि डीपीचा (डीमॅट खाते सांभाळणाऱ्याचा) आकार, जो एका दिवशी एका कंपनीचे कितीही शेअर विकले तरी एकदाच लागतो. म्हणून दहा दिवस दहा-दहा शेअर विकू नका.

मोठ्या गठ्ठ्याचे उदाहरण. विक्री रु. ७.२ लाख, नफा ५ लाख. एकाच वर्षात केले तर ३.७५ लाखांवर १२.५ टक्के, उपकर धरून रु. ४८,७५०. अर्धे मार्चअखेर आणि अर्धे एप्रिलच्या सुरुवातीला विकले तर दोन वर्षांची सूट मिळून रु. ३२,५००. आठवड्याच्या अंतराने १६,२५० वाचतात.

आयपीसीएलचे शेअर २००७ मध्ये पाचास एक या प्रमाणात रिलायन्सचे झाले. ३१ जानेवारी २०१८ पूर्वीपासून हातात असलेल्या शेअरची खरेदीकिंमत ठरवताना त्या दिवशीचा सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी तो घ्या, मग तो आणि मूळ किंमत यांतला जास्त तो धरा. ऑक्टोबर २०२४ च्या बोनस शेअरची किंमत मात्र शून्य. एका डीमॅटमध्ये आधी आलेले आधी गेले असे धरतात, म्हणून पहिल्यांदा जुने, कमी नफ्याचे जातील. २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा मूळ किंमतीतला ४.६८ टक्के भाग तिकडे गेला, रिलायन्सकडे ९५.३२ राहिला.

पत्नीच्या नावावर भेट करून तिची सूट वापरायचा विचार असेल तर तो सोडा, नफा देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. सज्ञान मुलाला दिले तर धरला जात नाही.

अवांतर: काही घरांत आयपीसीएलची कागदी प्रमाणपत्रे अजून ट्रंकेत आहेत. सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर आयईपीएफकडे (दावा न केलेले शेअर ठेवणाऱ्या सरकारी निधीकडे) गेलेले असू शकतात. विकायच्या गोष्टी करण्याआधी फोलिओ क्रमांक घेऊन कंपनीच्या रजिस्ट्रारकडे चौकशी करा.

सूरसागर | रविवार, दुपारी ४:२०

फार उपयोगाचे. एक राहिले. वेटेज ठरवले, पुढे भाव हलतील. परत जागेवर आणायचे केव्हा? दर महिन्याला केले तर चांगला चाललेला शेअर सारखा कापला जाईल.

रेवा | रविवार, सायंकाळी ६:१०

पट्टा ठेवा. वरची हद्द ठरवलेल्या वेटेजच्या दीडपट, खालची निम्मी. पट्ट्याच्या आत काही करायचे नाही. तपासणी वर्षातून दोनदा, मार्चमध्ये (कराची सूट उरली असेल तर) आणि सप्टेंबरमध्ये.

१० लाखांत ८ टक्क्यांचा शेअर दुप्पट झाला आणि बाकी तसेच राहिले तर वेटेज १४.८ होते, दीडपटीची हद्द १२. हद्दीपर्यंत आणा, मूळ ८ पर्यंत नको. चांगल्या कंपनीला थोडी वाढायला जागा मिळते आणि करही कमी. नवी बचत दरमहा येत असेल तर विकण्याआधी ती कमी झालेल्या शेअरकडे वळवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

खालची हद्द ओलांडली तर भर घालायची की बाहेर पडायचे, हे पट्टा सांगत नाही. तिथे खरेदीच्या दिवशीचा कागद काढायचा.

मकरपुरा४२ | रविवार, रात्री ८:५०

लहान कंपन्यांसाठी अजून एक मर्यादा, उलाढालीची. गेल्या तीन महिन्यांची रोजची सरासरी उलाढाल रुपयांत काढा. तुमची पूर्ण पोझिशन तिच्या ५ टक्क्यांहून मोठी नको. रोज रु. ६ लाखांची उलाढाल असलेल्या शेअरमध्ये ३०,००० च्या वर जाऊ नका, बजेट ३७,५०० म्हणत असले तरी. वाईट बातमीच्या दिवशी पाच टक्क्यांचे लोअर सर्किट (त्या दिवशी भाव याखाली जाऊ शकत नाही अशी मर्यादा) लागते, विकणारे रांगेत आणि घेणारा कोणी नाही, असे सलग काही दिवस चालू शकते. शेअर एएसएममध्ये (जादा देखरेखीत) किंवा ट्रेड-टू-ट्रेडमध्ये (त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही अशा गटात) आहे का ते एक्स्चेंजच्या यादीत बघून घ्या, तिथे घेणारे आणखी कमी होतात.

खरेदी नेहमी लिमिट ऑर्डरने (आपण ठरवलेल्या भावाला), बाजार उघडल्यावर पहिली पंधरा मिनिटे सोडून. मार्केट ऑर्डरने (मिळेल त्या भावाला) पातळ शेअरमध्ये दोन-तीन टक्के सहज जातात.

सूरसागर | सोमवार, रात्री १०:००

सगळ्यांचे धरून नवा आराखडा: निफ्टी ५० इंडेक्स फंड ४५, रोख ५, थेट शेअर ५०. थेटमध्ये रिलायन्स ८, बँक ऑफ बडोदा ६, सन फार्मा ६, आयटी ६, एक ग्राहकोपयोगी वस्तूंची कंपनी ६, अलेम्बिक फार्मास्युटिकल्स ४.५, जीएसएफसी ४.५, अपार ४.५, एक वाहनउद्योगातली ४.५. अलेम्बिक लि., गुजरात अल्कलीज, जीआयपीसीएल आणि व्होल्टॅम्प गेले. चारही नावांत दोष आहे म्हणून नव्हे, त्यांची जोखीम यादीत आधीच आहे म्हणून.

ताळेबंद | मंगळवार, सकाळी ७:४०

रिलायन्सचा हिशोब अजून जुळत नाही. थेट ८ आणि इंडेक्समधून ४५ चे आठ टक्के म्हणजे ३.६, मिळून ११.६. निम्मा पडला तर ५.८ टक्के जातात, बजेट ३ चे. या वर्षी ८ वर आणा, म्हणजे या वर्षीची सूट वापरली जाईल, आणि पुढच्या आर्थिक वर्षात थेट हिस्सा २.५ च्या आसपास न्या. सन फार्माचे इंडेक्समधले वेटेज लहान आहे, पण थेट ६ म्हणजे मर्यादेवर टेकलेले, म्हणून ते ५ करा. तो एक टक्का वाहनउद्योगात टाकू नका, तिथे ४.६ ची मर्यादा आधीच भरत आली आहे. रोखीत ठेवा.

आयटी कंपनी कोणती ते लिहिले नाहीत. ती निफ्टीतली असेल तर तिलाही हाच हिशोब लावून बघा.